हरकत नसावी

"आपली कादंबरी वाचली. लेखन प्रामाणिक व वाचनीय आहे. थोडी आटोपशीर झाल्यास प्रकाशनाचा विचार करण्यास हरकत नसावी. कळवावे."

पत्र एवढंच. पहिल्या दिवशी मी ते निदान अकरा वेळा वाचलं असेल. रात्री झोपताना तो होकार वाटला, सकाळी उठून पाहिलं तर नकार. दुपारी घरातल्या एकाला वाचून दाखवलं, तो म्हणाला, "छापतायत की!" संध्याकाळी दुसरीला दाखवलं, ती म्हणाली, "गोड बोलून कटवलंय." दोघांनी तेच शब्द वाचले होते.

'हरकत नसावी' हा प्रयोग आपल्या भाषेत कुणी शोधून काढला असेल कोण जाणे, पण त्याला प्रकाशन व्यवसायाचा अनुभव असणार. 'हरकत नाही' म्हटलं तर निदान बोलणाऱ्याने स्वतःची हरकत तपासून पाहिलेली असते. 'नसावी' म्हटलं की तो लांब उभा राहून अंदाज बांधतो: असेलही कुणाची तरी हरकत, आपल्याला काय माहीत. शिवाय हरकत छापायला नाही, विचार करायला नाही. आणि शेवटचं 'कळवावे'! कोणी, कोणाला, काय? मी तर काहीच विचारलं नव्हतं.

तोपर्यंत ही कादंबरी दोन घरं फिरून आली होती.

पहिल्या प्रकाशकाकडे मी अख्खं बाड पाठवलं होतं. ३५२ पानं, एका बाजूला छापलेली, सोबत दोन पानी सारांश आणि स्वतःविषयी एक परिच्छेद. त्या परिच्छेदावर मी शेवटच्या प्रकरणाइतकेच दिवस घालवले होते. आठवड्यात पोच आली: "संहिता मिळाली. वाचनासाठी दिली आहे." त्यानंतर चौदा महिने. मधे तीनदा विचारलं, तिन्ही वेळा "वाचन चालू आहे" हेच उत्तर. चौदा महिन्यांत ३५२ पानं म्हणजे दिवसाला धड एक पानही होत नाही, हा हिशेब मी तेव्हा मांडला नाही. उलट मला वाटायचं, इतका वेळ घेतायत म्हणजे गंभीरपणे घेतलंय.

मग बाड साभार परत आलं. "काही प्रकरणे विशेष भावली. तथापि सध्या आमच्या प्रकाशन-नियोजनात ही कादंबरी बसत नाही."

काही प्रकरणे. कोणती? मी बाड टेबलावर ठेवून आडवं धरून पाहिलं. कागद वाचला गेला की फुगतो, हे तेव्हा कळलं. पहिली साठेक पानं सैल झाली होती, त्यांच्यात हवा शिरली होती, खालचे कोपरे मऊ पडले होते. पान ५८ वर समासात पेन्सिलीने काढलेलं एक लहानसं प्रश्नचिन्ह होतं. त्या ओळीत नायिकेचा मामा दार उघडून आत येतो. त्याच परिच्छेदात वर चार ओळींआधीही तो दार उघडून आत आलेला होता. मधे बाहेर न जाता. मी तो परिच्छेद शंभरदा वाचला असेन, मला कधी दिसलं नव्हतं. पान ६३ नंतरचा गठ्ठा मात्र छपाईच्या दुकानातून आला तसाच, कडा धारदार, पानं एकमेकांना चिकटलेली.

त्या घरातून मिळालेलं खरं उत्तर म्हणजे ते प्रश्नचिन्ह आणि पान ६३. मामाचं दुसरं दार मी त्याच रात्री काढून टाकलं. पण धरून बसले पत्रालाच, आणि पत्रातही एकाच शब्दाला: 'सध्या'. सध्या नाही म्हणजे पुढे आहे. त्या एका शब्दावर मी चार महिने काढले. मधे "आता नियोजन कसे आहे?" असं विचारणारं पत्रही पाठवलं. त्याला उत्तर आलं नाही, आणि मी उत्तर न येण्याचाही अर्थ लावत बसले.

दुसऱ्या ठिकाणी फार वेळ गेला नाही. दहा दिवसांत फोन. कादंबरी अप्रतिम आहे, लगेच करू, फक्त "लेखकाचा सहभाग अपेक्षित आहे." मी म्हटलं, हो तर, मी प्रकाशन समारंभाला येईन, वाचनं करीन, लागेल ते करीन. पलीकडे जरा शांतता पसरली. मग त्या गृहस्थांनी मला अतिशय सौम्य शब्दांत समजावलं की सहभाग म्हणजे छपाईच्या खर्चातला. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात गैर काहीच नाही. पण मग तसं स्वच्छ सांगावं, आणि किती प्रती, कुणाच्या ताब्यात, विकणार कोण, हे कागदावर द्यावं. मी हे तिन्ही प्रश्न विचारले तेव्हा "पाहून सांगतो" असं उत्तर आलं. ते अजून पाहतायत.

आणि मग तिसरं पत्र, ज्यात हरकत नसावी.

मी 'आटोपशीर' हा शब्द उचलला आणि कामाला लागले. माझ्या मते याचा अर्थ उघड होता: माझी शैली पसरट आहे. तशी ती होतीच, त्यामुळे शब्द बरोबर वर्मी लागला. पाच महिने मी वाक्यं छाटली. "तो हळूच, ओठांच्या कोपऱ्यातून हसला" याचं "तो हळूच हसला" केलं, मग "तो हसला", आणि एका रात्री त्याचं हसूच काढून टाकलं. पावसाची चार वर्णनं होती, त्यातली दोन ठेवली. 'जणू' आणि 'जणू काही' शोधून शोधून मारले; एकूण १४० निघाले, लाज वाटली. कादंबरी १,१५,००० शब्दांवरून १,०८,००० वर आली. मला वाटलं मी शस्त्रक्रिया केली.

पाठवताना लिहिलं, "आपल्या सूचनेनुसार कादंबरी अधिक आटोपशीर केली आहे." उत्तर आलं: "मिळाली. पाहतो."

तीन महिने झाले.

माझी एक मैत्रीण वीसेक वर्षं मुद्रितशोधन करते आहे. निरनिराळ्या प्रकाशकांची प्रुफं तिच्या टेबलावरून जातात, त्यामुळे या व्यवसायातल्या आतल्या गोष्टी तिला बऱ्याच कळतात. मी सगळी पत्रं तिच्यासमोर ठेवली. तिने चष्मा लावला आणि माझी कादंबरी असावी तशी पेन्सिल हातात घेऊन ती वाचायला लागली.

"अगं, यात कर्ताच नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"हे बघ. 'आटोपशीर झाल्यास.' कोण करणार? किती? 'विचार करण्यास.' कोण करणार, कधी? हे पत्र एका माणसाने लिहिलंय आणि त्याने स्वतःला त्यातून पूर्ण काढून घेतलंय. 'मी' नाही, 'आम्ही' नाही. 'आम्ही छापू' असं कुठे आहे का? 'आम्ही छापणार नाही' असं तरी?"

"मग हा नकार समजू?"

"कशाला? नकार पण नाहीये. त्याला स्वतःलाच अजून ठरवता आलेलं नाही, एवढंच आहे यात."

मग तिने मला जे सांगितलं ते कुणीतरी दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. पत्र लिहिणारा संपादक एकटा काही ठरवत नाही. बाड आधी बाहेरच्या वाचकाकडे जातं, तो दोन-तीन पानांचा अभिप्राय देतो. संपादकाला आवडलं तर तो ते पुढे नेतो, पण पुढे विक्री बघणारा असतो, खर्च बघणारा असतो, त्या वर्षीची यादी भरलेली असते. नकार यांतला कुणीही एकटा देऊ शकतो, होकाराला मात्र सगळे लागतात. त्यामुळे संपादकाला कादंबरी मनापासून आवडलेली असते आणि हातात काही नसतं, तेव्हा तो अशी पत्रं लिहितो. हातातली वस्तू सोडवत नाही, शब्दही देता येत नाही. "तू याला लबाडी समजतेस," ती म्हणाली, "बऱ्याचदा ती भीड असते."

'प्रामाणिक' या शब्दावर तिने स्वतंत्र भाष्य केलं. अभिप्रायात दुसरं काही चांगलं सुचलं नाही की लेखन प्रामाणिक असतं, हे तिचं मत. 'वाचनीय'बद्दल तिने फक्त हात हलवला. मला ते थोडं लागलं, खोटं कशाला बोलू.

कौतुक आणि नकार एकाच पत्रात असणं मात्र वाईट नसतं, हे नंतर माझ्या लक्षात आलं. १३ जुलै १९४४ रोजी टी. एस. एलियट यांनी 'फेबर अँड फेबर'चे संचालक म्हणून जॉर्ज ऑरवेल यांना 'ॲनिमल फार्म'बद्दल लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात लेखनाची मोकळी स्तुती आहे, थेट 'गलिव्हर'ची आठवण काढलेली आहे, आणि तरीही ते पत्र वाचून कुणी तीन महिने वाट बघत बसणार नाही. सध्याच्या राजकीय परिस्थितीवर टीका करायला हाच योग्य दृष्टिकोन आहे अशी आमची खात्री नाही, असं त्यात सरळ म्हटलंय. कर्ता 'आम्ही', कारण समोर, दार बंद. ते पुस्तक पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९४५ मध्ये, 'सेकर अँड वॉरबर्ग'ने काढलं. एलियट यांचा निर्णय चुकला असं आज कुणीही म्हणेल, पण पत्र चुकलं नव्हतं. चुकीचा पण स्पष्ट नकार मला परवडला असता.

मैत्रिणीने जाताना एकच विचारलं. "तू त्याला विचारलंस का, किती आटोपशीर?"

नव्हतं विचारलं. आठ महिन्यांत एकदाही नाही.

का नाही, यावर मी तिच्यापाशी बऱ्याच सबबी सांगितल्या. प्रकाशक कामात असतात. तगादा लावणारी लेखिका अशी प्रतिमा नको. एका ओळीचा प्रश्न विचारला तर आपल्याला एवढंही कळत नाही असं वाटेल. सगळ्या खऱ्या होत्या आणि एकही खरी नव्हती. विचारलं की उत्तर येतं. जोपर्यंत विचारत नव्हते तोपर्यंत मी 'जिची कादंबरी एका चांगल्या प्रकाशकाकडे विचाराधीन आहे' अशी बाई होते. कुणी भेटलं की सांगायचे तसं. ते पत्र संदिग्ध होतं हे खरं, पण त्याला तसं राहू देण्यात माझाही हात होता. त्याची भीड आणि माझी भीती, दोघींचं छान जमलं होतं.

मी पत्र लिहिलं. पहिला खर्डा दीड पान झाला, त्यात कादंबरीचा जन्म वगैरे होता. मैत्रिणीने फोनवर ऐकून घेतला आणि म्हणाली, "आता यातले प्रश्न तेवढे ठेव." उरलं ते असं:

"आपल्या पत्रातील 'आटोपशीर' म्हणजे अंदाजे किती पाने किंवा किती शब्द अपेक्षित आहेत? तेवढी कपात झाल्यास निर्णय कोण घेईल आणि साधारण कधीपर्यंत? तोवर ही संहिता मी अन्यत्र पाठवली तर आपली हरकत आहे का?"

शेवटच्या वाक्यात मी मुद्दाम 'आहे का' लिहिलं. 'नसावी' नाही.

चौथ्या दिवशी फोन आला. आवाज वयस्कर, थोडा घाईतला, पण वाईट माणसाचा नव्हे.

"मॅडम, तुमचं पत्र मिळालं. अहो, मला ३२० पानं हवी होती."

"पानं?"

"छापील पानं. तुमची आत्ता ४३२ होतायत. म्हणजे सत्तावीस फर्मे. नव्या लेखकाची पहिली कादंबरी सत्तावीस फर्म्यांची केली तर किंमत कुठल्या कुठे जाते, कुणी हातात धरत नाही. वीस फर्म्यांत बसली तर मला आत बोलता येतं."

फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं. त्यांच्या हिशेबात एका फर्म्याला १६ पानं. सत्तावीस सोळं चारशे बत्तीस, वीस सोळं तीनशे वीस. मी फोन कानाशी धरून कागदावर गुणाकार करत होते. तिकडे शैली नव्हतीच. विशेषणं नव्हती, जणू काही नव्हतं, मामाचं हसू नव्हतं. कागद होता.

"पण सर, तुम्ही आटोपशीर म्हणालात..."

"मग काय म्हणणार? 'जाडी कमी करा' असं लेखकाला कसं लिहायचं? वाईट वाटतं."

मला हसू आलं, आणि नंतर बराच वेळ राग. पाच महिन्यांत मी ७,००० शब्द काढले होते. ४३२ चा आकडा त्यांनी जुन्या संहितेवरून काढला होता. नव्या संहितेचीही ४०५ च्या आसपास पानं झाली असती. ३२० पानांसाठी कादंबरी साधारण ८५,००० शब्दांवर यायला हवी होती, म्हणजे आणखी २३,००० शब्द काढायचे. हे विशेषणं वेचून होत नाही. यासाठी अख्खा माणूस काढावा लागतो.

मामा गेला. तोच, दोनदा दार उघडणारा. त्याचं कर्ज, त्याचं परगावचं बिऱ्हाड, त्याचा मुलगा, सगळं मिळून साडेचार प्रकरणं. त्याच्या जाण्याने नायिकेच्या आईला दोन प्रसंगांत एकटीला बोलावं लागलं आणि ती आधीपेक्षा चांगली बोलली. हे मला आवडलं नाही, पण दिसलं. वाक्यांमधून काढलेलं थोडं हसू मी या निमित्ताने परतही ठेवलं. आता जागा होती.

मात्र कात्री लावण्याआधी मी आणखी एक प्रश्न विचारला होता: करार आधी की कपात आधी? सुधारणा सगळ्याच करतात. हार्पर ली यांचं हस्तलिखित 'लिपिनकॉट'ने १९५७ मध्ये घेतलं आणि संपादक टे होहॉफ यांच्याबरोबर पुनर्लेखन करत 'टू किल अ मॉकिंगबर्ड' १९६० मध्ये आली. तेव्हा वर्षं जातात याचं मला दुःख नाही. पण तिथे प्रकाशकाने हस्तलिखित आधी घेतलं होतं. माझे पाच महिने फक्त एका विशेषणावर गेले होते.

"करार आधी नाही होत," सर म्हणाले. "आधी बघू."

"मग मी पहिली पाच प्रकरणं नव्या लांबीत करून पाठवते. ती बघून सांगा, पुढे करू का. आणि तारीख द्या."

"तारीख?" त्यांनी तो शब्द असा उच्चारला की जणू मी त्यांचं वय विचारलं. पण दिली. प्रकरणं गेली, तारखेला नाही पण दोन दिवसांनी उत्तर आलं: "योग्य दिशा. पूर्ण करावे." 'करावे'! पुन्हा तेच. मी फोन केला. "सर, पूर्ण केल्यावर तुम्ही काय करणार?" ते हसले. "मी बैठकीत ठेवणार. मी स्वतः. पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत काय ते सांगतो." दोन वर्षांत पहिल्यांदा एका वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद आणि तारीख असं सगळं मिळालं. मी ते वहीत तसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्यांना मेलवर परत पाठवलं, "आपल्या बोलण्यानुसार" असं वर लिहून. खाली एक ओळ जोडली: २० तारखेनंतर ही संहिता मी इतरांकडेही पाठवीन, आणि तसं प्रत्येकाला कळवीन.

मधल्या काळात एका चौथ्या प्रकाशकाला मी, अन्यत्र पाठवण्याबद्दल सरांना विचारलेल्या आधीच्याच पत्राच्या आधाराने, तीन प्रकरणं आणि सारांश पाठवले होते. त्यांचं उत्तर आठव्या दिवशी आलं. "आम्ही कौटुंबिक कादंबऱ्या सध्या काढत नाही आणि पुढील दोन वर्षे काढणार नाही. शुभेच्छा." 'सध्या' होता, पण लगेच पुढे त्याची मुदतही लिहिली होती. मी तो कागद मैत्रिणीला नेऊन दाखवला. तिने पेन्सिल उचलली, वाचलं आणि खाली ठेवली. "यात दुरुस्ती नाही," ती म्हणाली.

२० तारीख परवा होऊन गेली. काल सकाळी सरांचा निरोप आला: "बैठक पुढे गेली. सकारात्मक आहे. एक-दोन दिवसांत कळवतो." मी उत्तरात विचारलं, बैठक कोणत्या तारखेला आहे आणि सकारात्मक कोण आहे. अजून उत्तर नाही. कापून कमी केलेला नवा गठ्ठा दोन प्रतींत समोर आहे, दोन्ही पाकिटांवर पत्ते लिहून झालेत, आणि दोन्हींच्या सोबतच्या पत्रात तिसरं वाक्य सारखंच आहे: ही संहिता आणखी एका प्रकाशकाकडे विचारात आहे. 'विचाराधीन' लिहिलं होतं, ते खोडून 'विचारात' केलं. आता टपालात टाकायला निघाले आहे.